नांदगाव खंडेश्वर : बाजारातील दूरचे सोयरे

अमरावतीहून बडनेरा मागे टाकून यवतमाळच्या दिशेने निघाले, की सुमारे पस्तीस किलोमीटरवर नांदगाव खंडेश्वर लागते. तहसील कचेरी, बाजार समिती, बँका, कृषी केंद्रांच्या रंगीत पाट्या आणि एस.टी. स्थानक असा वऱ्हाडातील तालुक्याच्या गावाचा नेहमीचा सरंजाम येथेही आहे. अलीकडे समृद्धी महामार्ग या तालुक्यातून गेला, त्यामुळे मुंबई-नागपूरच्या मोटारी गावाला वळसा घालून भरधाव निघून जातात. गावाच्या नावाचा उत्तरार्ध ज्याच्यावरून आला, ते खंडेश्वराचे देऊळ मात्र पाहण्यासाठी थांबावे असे आहे. ते यादवांच्या काळातले, म्हणजे सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वीचे आहे. काळ्या पाषाणाचे ते हेमाडपंती बांधकाम पाहून बाहेर पडणाऱ्याला आपण काहीतरी फार जुने आणि फार आपले पाहिले, असे वाटते. आणि तेथून तो बाजारात जातो.

दसऱ्याच्या दिवसांत हा बाजार पाहावा. झेंडूचे ढीग पिवळ्या-केशरी रंगाने डोळे दिपवतात. टोपल्यांत नुकती फुटू लागलेली सीताफळे असतात. मातीचा वास न गेलेल्या ओल्या भुईमुगाच्या शेंगा, हिरव्या मिरच्या, लाल कोहळ्याच्या फाकी, मक्याची कणसे, टोमॅटो, बटाटे, रताळी, पपया. नवरात्राच्या उपवासासाठी किराणा दुकानांच्या दर्शनी भागात साबुदाण्याची आणि राजगिऱ्याची पोती उघडी ठेवलेली असतात. एका कडेला तंबाखूची पाने. आणि गावाबाहेर चारी दिशांना, सोयाबीन निघून गेलेल्या रिकाम्या वावरांच्या शेजारी, बोंडे धरलेली पऱ्हाटी उभी असते.

वर सांगितलेल्या वस्तूंपैकी सोयाबीन तेवढे चीनचे. बाकीच्या सर्वांचे मूळ अमेरिका खंडात आहे. कोलंबस १४९२ मध्ये समुद्रात निघाला, तेव्हा खंडेश्वराचे देऊळ दोन शतकांहून अधिक जुने झाले होते. त्याचे खांब घडवणाऱ्या पाथरवटाच्या भाकरीबरोबर मिरची नव्हती, शेंगदाण्याची चटणी नव्हती. देवाला वाहिलेल्या फुलांत झेंडू नव्हता. त्याची ज्वारीदेखील आफ्रिकेतून आलेली होती, पण ती हजारो वर्षांपूर्वी येऊन स्थिरावली होती. तूर, मूग, उडीद, तीळ, वांगे आणि काळी मिरी ही खास या भूमीची. त्याच्या अंगावरचे धोतरही येथल्याच कापसाचे होते. त्या कापसाची गोष्ट पुढे येईल.

वऱ्हाडच्या बोलीने या पाहुण्यांना कसे सामावून घेतले, हे पाहणे मोठे मनोरंजक आहे. तिने त्यांना घरातील जुन्या माणसांची नावे दिली. तिखट म्हणून आपल्याला मिरी ठाऊक होती. तिखट नवे फळ आले, ती मिरची झाली. जमिनीत दाणा धरणारे झाड आले, तो भुईतला मूग, म्हणून भुईमूग. संस्कृत ग्रंथांतला कूष्मांड म्हणजे पांढरा कोहळा, तो आशियातला. अमेरिकेतून आलेल्या लाल भोपळ्यालाही वऱ्हाडाने कोहळेच म्हटले. पश्चिम महाराष्ट्र ज्याला पेरू म्हणतो, त्याला वऱ्हाडात जांब म्हणतात. हेही एका जुन्या फळाचेच नाव. पपईची पाने एरंडासारखी दिसली, तेव्हा तिचे नाव एरंडककडी पडले. आणि सीताफळाला तर प्रत्यक्ष जानकीच्या घरात जागा मिळाली. पुढे त्याच कुळातले दुसरे फळ आले, त्याला रामफळ म्हणण्यावाचून गत्यंतरच नव्हते! सीताफळाच्या बाबतीत एक वाद जुना आहे. मथुरा आणि भरहूत येथील प्राचीन शिल्पांत हे फळ कोरलेले आहे, असे पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांना वाटले होते. वनस्पतिशास्त्रज्ञांनी मात्र त्याची जन्मभूमी उष्ण कटिबंधातील अमेरिकाच मानली आहे. पेरू या नावावरून दक्षिण अमेरिकेतील देश आठवतो खरा. पण नाशपतीला पोर्तुगीज भाषेत पेरा म्हणतात, त्यावरून हे नाव आले असे भाषेच्या अभ्यासकांचे मत आहे. बटाटा हा शब्द तर थेट कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांचा. त्यांच्या भाषेत तो रताळ्यासाठी होता. पोर्तुगिजांनी तो उचलला आणि आपल्याकडे तो दुसऱ्याच कंदाला चिकटला. वऱ्हाडी माणूस आलू म्हणून मोकळा होतो, ते निराळे.

मिरची येण्यापूर्वी दख्खनचे स्वयंपाकघर कसे होते, याची कल्पना जुन्या ग्रंथांवरून येते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लासात वडे, मांडे आणि भाज्यांच्या कृती आहेत. तेथे हिंग, जिरे, आले आणि मिरी यांचा वास दरवळतो. सोळाव्या शतकाच्या आरंभी कर्नाटकातील मंगरस या जैन कवीने सूपशास्त्र नावाचा पाककलेवरील ग्रंथ कन्नडमध्ये लिहिला. तो संपूर्ण शाकाहारी आहे. त्यानंतर लवकरच, १५१० मध्ये, पोर्तुगिजांनी गोवा घेतला आणि त्यांच्या जहाजांतून मिरचीचे बी किनाऱ्याला लागले. मेक्सिकोतील शेतकऱ्यांनी सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी रानमिरचीपासून ती घडवली होती. मिरीची वेल मलबारच्या दमट हवेवाचून रुजत नाही आणि मिरी विकत घ्यावी लागते. मिरची मात्र गरिबाच्या परसात, कोणत्याही मातीत, चार महिन्यांत येते. ती एवढ्या वेगाने देशभर का पसरली, याचे उत्तर या एका फरकात आहे. आज नागपूर जिल्ह्यातील भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, आणि वऱ्हाडी ठेच्याशिवाय वऱ्हाडी जेवणाची कल्पना कोणी करून दाखवावी!

श्रावकांच्या स्वयंपाकघरात या पाहुण्यांची थोडी अधिक कसून चौकशी झाली. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात वर्ज्य वस्तूंमध्ये मुळा आणि ओले आले यांचा नावाने उल्लेख आहे. बटाट्याचा उल्लेख असणे शक्यच नव्हते. ते लिहिले गेले, तेव्हा बटाटा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उतारावर, टिटिकाका सरोवराच्या आसपासच्या शेतांत होता. पण ग्रंथात नावांमागे तत्त्व होते. एका कंदात अनंत जीवांचा वास, आणि तो उपटला की झाडाचाही घात. त्या कसोटीवर बटाटा आणि रताळे स्वयंपाकघराच्या बाहेर राहिले. भुईमुगाने मात्र पेच टाकला. त्याचे फूल जमिनीच्या वर येते. परागण झाल्यावर फुलाच्या बुडातून आऱ्या सुटतात, त्या खाली वळून मातीत शिरतात आणि तेथे शेंग भरते. म्हणजे भुईमूग हा कंद नाही, मूळही नाही. ते मातीत वाढलेले फळ आहे. अनेक घरांनी त्याला म्हणूनच आत घेतले, काहींनी घेतले नाही. टोमॅटोच्या लाल रंगावरून आणि बहुबीजपणावरून आजीबाईंनी नाक मुरडल्याच्या आठवणी आजही काही कुटुंबांत सांगितल्या जातात. साबुदाण्याचे तर अनेकांच्या लक्षातच आले नाही. तो झाडाच्या खोडातला गर, अशी समजूत होती आणि आग्नेय आशियातील मूळ साबुदाण्याच्या बाबतीत ती खरीही होती. तमिळनाडूत सेलमच्या बाजूला १९४० नंतर जो तयार होऊ लागला, तो मात्र कसाव्याच्या कंदाच्या पिठाचा. कसावा हे ॲमेझॉनच्या खोऱ्यातील लोकांचे पीक. त्याच्या कडू जातींच्या कंदात विष असते. ते किसून, पिळून, भाजून काढून टाकण्याची रीत त्या लोकांनी शोधली नसती, तर हा कंद कोणाच्याच ताटात आला नसता.

यातील प्रत्येक पिकामागे अशी कोणाची तरी कित्येक पिढ्यांची मेहनत आहे. मक्याचा रानटी पूर्वज तेओसिन्ते हे बारीक गवत. त्याच्या कणसात जेमतेम पाच ते बारा दाणे असतात आणि तेही दगडासारख्या कवचात. मेक्सिकोतील बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी कोणीतरी त्यातले बरे दाणे वेगळे काढून पुढच्या वर्षी पेरले, आणि ती निवड पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली. भुईमुगाच्या दोन रानजातींचा संकर बोलिव्हिया आणि अर्जेंटिना यांच्या सीमेलगत झाला आणि तेथील लोकांनी त्याला शेतात आणले. अँडीजमधील शेतकरी रात्रीच्या कडाक्यात बटाटे गोठवून, दिवसा पायांनी तुडवून, उन्हात वाळवून वर्षानुवर्षे टिकणारा चुन्यो तयार करीत. यांपैकी एकाही माणसाचे नाव इतिहासाला माहीत नाही. बियाणे सगळीकडे गेले, पण त्यांचे ज्ञान सोबत गेलेच असे नाही. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटतात. त्यामुळे त्यातील एक आवश्यक जीवनसत्त्व शरीराला मिळते. युरोपने मका नेला, चुना नेला नाही. इटलीच्या उत्तर भागात ज्या गरिबांना केवळ मक्यावर दिवस काढावे लागले, त्यांच्यात पेलाग्रा हा रोग पिढ्यान्‌पिढ्या माजला. आपल्याकडे चुन्याची डबी घराघरांत होती. ती तंबाखूसाठी कामी आली.

नांदगावच्या किराणा दुकानातील राजगिऱ्याच्या पोत्यापाशी थोडे अधिक थांबायला हवे. आजचे मेक्सिको शहर जेथे आहे, तेथे आस्तेक लोकांची तेनोच्तित्लान ही राजधानी होती. त्यांच्या राज्यात मक्याच्या खालोखाल या धान्याला मान होता आणि अंकित प्रांतांकडून ते खंडणीत घेतले जाई. सणाच्या दिवशी राजगिऱ्याच्या पिठात आगेव्हच्या खोडातील रसाचा पाक मिसळून देवांच्या मूर्ती करीत. पूजेनंतर त्या मोडून त्यांचे तुकडे प्रसाद म्हणून वाटले जात. १५२१ मध्ये स्पॅनिश फौजांनी ती राजधानी पाडली. त्यांच्या धर्मगुरूंना हा प्रसाद आपल्या विधीची विटंबना वाटला. त्यांनी तो बंद पाडला आणि त्याबरोबर राजगिऱ्याची शेतीही मागे पडत गेली. पुढील शतकभरात देवी, गोवर अशा अनोळखी रोगांनी, वेठबिगारीने आणि उपासमारीने त्या खंडातील मूळच्या लोकसंख्येचा फार मोठा भाग नाहीसा झाला. गावेच्या गावे ओस पडली. पीक मात्र कोपऱ्याकोपऱ्यांत टिकून राहिले. आज मेक्सिकोच्या रस्त्यांवर फुलवलेला राजगिरा मधात किंवा गुळासारख्या पाकात वळून त्याच्या वड्या विकतात. तिला ते आलेग्रिया म्हणतात. शब्दाचा अर्थ आनंद. नांदगावच्या दुकानात काचेच्या बरणीत जो राजगिऱ्याचा लाडू असतो, तो आणि ही वडी यांत पाकाचा काय तो फरक. जो पदार्थ तेथे देवाच्या नावाने केला म्हणून बंद पडला, तो येथे देवाच्या नावाच्या उपवासालाच चालतो.

झेंडूचेही असेच. मेक्सिकोत त्याचे जुने नाव सेंपोआल्शोचित्ल, म्हणजे वीस फुलांचे फूल. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत तेथील लोक गेलेल्या आप्तांच्या समाधीपासून घरापर्यंत या पाकळ्यांची वाट घालतात. त्याच सुमारास कधी आपली दिवाळी असते. नांदगावच्या दारादारांवर दसऱ्याला चढलेली तोरणे तोवर सुकून तपकिरी झालेली असतात.

आता कापूस. खाण्याच्या जिनसांत नवे आले तरी जुने सगळे गेले नाही. मिरीही राहिली, मूगही राहिला. कापसाच्या बाबतीत तसे झाले नाही.

जगात कापूस चार वेगवेगळ्या ठिकाणच्या लोकांनी चार वेगवेगळ्या जातींपासून शेतात आणला. आशिया-आफ्रिकेत दोन जाती, अमेरिकेत दोन. आपला देशी कापूस पहिल्यांपैकी. मेहरगडला सात हजार वर्षांपूर्वीच्या कापसाच्या तंतूंचा पुरावा मिळाला आहे, आणि ढाक्याची मलमल याच देशी कुळातली होती. अमेरिकेतील दोहोंपैकी एक जात पेरूच्या किनाऱ्यावरची, दुसरी मेक्सिकोची. गंमत अशी, की या दोन्ही अमेरिकी जातींच्या पेशींत निम्मा वारसा जुन्या जगातील कापसाचा आहे. माणूस शेती करू लागण्याच्या दहा लाखांहून अधिक वर्षे आधी एका जुन्या जातीचे बी समुद्र ओलांडून तेथे पोहोचले आणि तेथील रानकापसाशी त्याचा संकर झाला.

मेक्सिकोचे हे बियाणे १८०६ च्या सुमारास मिसिसिपीत गेले. त्यातून तयार झालेल्या पिकासाठी दक्षिणेकडील मूळ लोकांना १८३० नंतर त्यांच्या भूमीवरून हाकलण्यात आले आणि ती शेते गुलामांकडून कसून घेण्यात आली. लँकेशायरच्या गिरण्या त्याच कापसावर चालत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, ती आवक आटली आणि गिरण्यांची दृष्टी वऱ्हाडकडे वळली. निजामाकडून १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आलेला हा मुलूख काळ्या मातीचा. अमरावती आणि खामगाव येथे कापसाचे पेव फुटले. अमरावतीचे नाव मोडून ‘उमरा’ या व्यापारी नावाने येथला कापूस मुंबईहून लिव्हरपूलला जाऊ लागला. १८६७ मध्ये आगगाडी बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली. यादवी १८६५ मध्ये संपताच भाव कोसळले, तरी शेतकरी रोकड पिकाला बांधला गेला तो गेलाच. ज्वारीची पेवे रिकामी होत गेली, आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात त्याची किंमत वऱ्हाडाने प्राणांनी चुकती केली.

एवढे होऊनही नांदगावच्या वावरांत तेव्हा देशीच कापूस होता. आखूड धाग्याचा म्हणून गिरण्या त्याला नावे ठेवीत. पण खोल मुळांमुळे तो पावसाचा ताण सोसतो आणि रसशोषक किडींना फारसा बधत नाही. जिनमधून सरकी परत आणायची, त्यातली चांगली निवडून ठेवायची, शेणामातीत घोळून मृगात टोबायची, ही रीत होती. स्वातंत्र्याच्या वेळी देशातील कापसाखालचे बहुतेक सर्व क्षेत्र देशी जातींचे होते. मग लांब धाग्याची मागणी आली, १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून एच-४ हा पहिला संकरित वाण आला, आणि मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्यानंतर दहा-बारा वर्षांत देशी कापूस जवळजवळ दिसेनासा झाला. आज देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस मेक्सिकोच्या त्या जातीचा, आणि बहुतेक संकरित आहे.

बीटीच्या पहिल्या वर्षांत उत्पन्न वाढले, हे नाकारता येणार नाही. शेतकरी भुलला असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याने हिशेब करूनच पेरले. पण संकरित वाणाची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर पीक एकसारखे येत नाही. त्यामुळे दर जूनला अर्ध्या किलोहूनही कमी वजनाची पिशवी नव्याने विकत घेणे आले, तिच्यासाठी पीककर्ज आले, आणि पाऊस लांबला तर दुबार पेरणी म्हणजे दुसरी पिशवी. सन २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बीटीलाही न जुमानता बोंडे पोखरली. त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. यवतमाळची ती शेते नांदगावपासून दोन तासांच्याही अंतरावर नाहीत. कर्जखात्याच्या उताऱ्यावर पीक म्हणून केवळ ‘कापूस’ लिहिलेले असते; कोणता कापूस आणि त्याचे बी कोणाच्या हाती, हा रकाना त्यात नसतो.

मेक्सिकोच्या ज्या शेतकऱ्यांनी हे झाड घडवले, त्यांच्याजवळ बी होते, म्हणून ते घडवू शकले. त्यांची माणसे गेली आणि पीक उरले. वऱ्हाडात माणसे आहेत, पण बी त्यांच्या हातातून गेले. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने देशी कापसाचे एकेए मालिकेतील वाण तयार केले आहेत. हे सरळ वाण आहेत, म्हणजे त्यांची सरकी घरी राखता येते. कोरडवाहू, हलक्या जमिनीच्या शेतकऱ्याने निदान एखाद्या एकरात ते लावून पाहायला हरकत नाही. व्यापाऱ्याने त्याला वेगळा भाव द्यायला हवा, हे मात्र त्याआधी घडावे लागेल. नाहीतर उपदेश करणाऱ्याचे काही जात नाही.

दसरा झाला, की नांदगावच्या शिवारात पहिली वेचणी सुरू होते. वेचणीच्या आधी सीतादही करण्याची वऱ्हाडची चाल अजून काही घरांनी सांभाळली आहे. सीता म्हणजे नांगराची तास. घरची लक्ष्मी बांधावरच्या झाडाशी दहीभात ठेवते, हळदकुंकू वाहते, झेंडूचे फूल ठेवते, आणि मग कमरेला ओटी बांधून बायका ओळीने पऱ्हाटीत शिरतात. दुपारपर्यंत पांढऱ्या कापसाची गाठोडी बांधावर जमतात. तो कापूस बाजार समितीतून जिनमध्ये जातो. रुईच्या गाठी गिरणीकडे निघतात. सरकी तेलाच्या गिरणीत जाते, आणि तिची ढेप काही महिन्यांनी त्याच वावरातल्या बैलासाठी विकत आणली जाते.